पॅकेजांची स्थिरता-चाचणी आणि स्वयंसेवकांची जुळवाजुळव: छोट्या गटासाठी कामाची पद्धत

लिनक्स वितरणात, म्हणजे लिनक्स आणि त्यावरचे प्रोग्राम एकत्र देणाऱ्या डेबियन, जेंटू, फेडोरा यांसारख्या संचात, एखाद्या पॅकेजाच्या (बसवण्यासाठी बांधून दिलेल्या प्रोग्रामच्या) आवृत्तीवर 'स्थिर' असा शिक्का बसतो, तेव्हा प्रत्यक्षात एवढीच नोंद झालेली असते की ती आवृत्ती काही दिवस काही माणसांच्या वापरात होती आणि त्या काळात तिच्याविरुद्ध गंभीर तक्रार शिल्लक राहिली नाही. डेबियनमध्ये 'अनस्टेबल' (जेथे नवी आवृत्ती प्रथम येते त्या) शाखेतून 'टेस्टिंग' (पुढच्या स्थिर आवृत्तीच्या तयारीच्या) शाखेत जाण्यासाठी पॅकेजाला त्याच्या तातडीनुसार २, ५ किंवा १० दिवस थांबावे लागते. जेंटूमध्ये नवी आवृत्ती भांडारात (वितरणाच्या पॅकेज-साठ्यात) साधारण ३० दिवस राहिल्यावर तिचा स्थिरतेसाठी विचार होतो. फेडोरामध्ये सामान्य अपडेट चाचणीच्या भांडारात ७ दिवस राहते, किंवा पुरेशा लोकांनी अनुकूल मत नोंदवले तर त्याआधीच पुढे सरकते. हे दिवस मोजायला सोपे असतात आणि म्हणूनच ते फसवतात, कारण त्या ३० दिवसांत ते पॅकेज कोणी बसवलेच नसेल तर ३० दिवस आणि ३० मिनिटे यांत काहीही फरक उरत नाही. चाचणी कशी करावी हा प्रश्न त्यामुळे चाचणी करायला माणसे किती आहेत या प्रश्नापासून सुटा काढता येत नाही, आणि पुढील पायऱ्यांमध्ये हे दोन्ही प्रश्न एकत्रच हाताळले आहेत. पाच ते दहा स्वयंसेवकांचा गट आणि त्याच्याकडे असलेली काही डझन ते काही शे पॅकेजे, असे चित्र येथे डोळ्यांसमोर ठेवले आहे.

पहिली पायरी: हातात काय आहे ते मोजावे

नवे स्वयंसेवक शोधण्याआधी सध्याची स्थिती कागदावर उतरवावी. प्रत्येक पॅकेजासाठी एक ओळ पुरते. मुख्य मेंटेनर (पॅकेज सांभाळणारा) कोण, तो नसताना काम करू शकेल असा दुसरा माणूस कोण, शेवटचे अपलोड कधी झाले, किती बग उघडे आहेत आणि त्यांपैकी किती गंभीर आहेत, पॅकेजासोबत आपोआप चालणाऱ्या चाचण्या आहेत का, आणि इतर किती पॅकेजे त्याच्यावर अवलंबून आहेत, एवढी माहिती त्या ओळीत यावी. ही बहुतेक माहिती भांडारातून आणि बग-नोंदवहीतून एखाद्या छोट्या स्क्रिप्टने काढता येते. दुसरा माणूस कोण, हा रकाना मात्र विचारूनच भरावा लागतो, आणि मोजणीचा खरा उपयोग त्याच रकान्यात आहे.

मेंटेनरच्या जागी नाव आहे, पण त्या नावाने दोन वर्षांत एकही काम झालेले नाही, अशा ठिकाणी 'रिकामे' असेच लिहावे. मेंटेनर म्हणून एखाद्या गटाचे नाव लिहिलेले असेल, तर त्या गटातील प्रत्यक्ष काम करणारी माणसे मोजावीत. गटाच्या भारदस्त नावामागे एकही माणूस उरलेला नाही, असे अनेकदा आढळते. डेबियनमधील लोकप्रियता-मोजणी केवळ स्वेच्छेने सहभागी झालेल्या संगणकांवरून होते, त्यामुळे तिचे आकडे एकूण वापरकर्त्यांची संख्या म्हणून वापरू नयेत. कोणते पॅकेज आधी पाहावे हा क्रम लावण्यापुरते ते पुरेसे असतात.

ही यादी तयार झाली की जी पॅकेजे एकाच माणसावर उभी आहेत आणि ज्यांच्यावर इतर अनेक पॅकेजे अवलंबून आहेत, ती सर्वांत वर आणावीत. असे का करायचे, हे एक्सझेड युटिल्स या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या प्रकरणाने २०२४ मध्ये दाखवून दिले. त्या प्रकल्पाचा भार वर्षानुवर्षे जवळजवळ एकाच थकलेल्या मेंटेनरवर होता. मदतीला आलेल्या एका व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ नियमित काम करून विश्वास आणि अधिकार मिळवला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट (बॅकडोअर, म्हणजे परवानगीशिवाय आत शिरण्याची लपलेली सोय) घुसवली. त्या चोरवाटेचा काही भाग चाचणीसाठीच्या फायली म्हणून ठेवलेल्या बायनरी (मजकूर म्हणून वाचता न येणाऱ्या) फायलींमध्ये दडवला होता. या आवृत्त्या डेबियनच्या अनस्टेबल व टेस्टिंग शाखांत आणि फेडोराच्या रॉहाइड या सतत बदलत्या विकास-शाखेत पोहोचल्या होत्या. डेबियनच्या स्थिर शाखेत मात्र त्या गेल्या नव्हत्या. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेसच्या विकासकाने हे उघड केले. डेबियन अनस्टेबलवर काम करताना एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याचे साधन) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे त्याच्या लक्षात आले आणि तो कारण शोधत गेला. माणसे कमी असल्यामुळे दार उघडे राहिले होते. पण अनस्टेबल शाखा रोज वापरणारा एक चौकस माणूस तेथे होता, म्हणून ते वेळेत सापडले.

दुसरी पायरी: गरज नेमक्या शब्दांत लिहावी

'मदत हवी आहे' या आवाहनाला सहसा कोणी उत्तर देत नाही, आणि त्यात वाचणाऱ्याचा दोष नसतो. आपल्याला किती वेळ द्यावा लागेल, कोणते यंत्र लागेल, काय यायला हवे आणि अडलो तर कोणाला विचारायचे, हे त्या आवाहनातून कळत नाही. म्हणून प्रत्येक रिकाम्या जागेसाठी चार-पाच वाक्यांची नोंद लिहावी. अमुक तीन पॅकेजांच्या नव्या आवृत्त्या महिन्यातून एकदा बिल्ड करून (मूळ कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवून) पाहायच्या आहेत, त्याला महिन्याला सुमारे चार तास लागतात, ६४-बिट एआरएम प्रोसेसरचे कोणतेही यंत्र चालेल, सी भाषा वाचता आली तर चांगले पण आवश्यक नाही, आणि शंका अमुक व्यक्तीला विचाराव्यात, अशा स्वरूपाची ही नोंद असावी. काय येण्याची गरज नाही, हे स्पष्ट लिहिणे मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण अनेक सक्षम वापरकर्ते 'मला प्रोग्रामिंग फारसे येत नाही' या एका समजुतीपायी मागे राहतात.

ही गरज वर्गवारीनेही मांडता येते. डेबियनच्या व्यवस्थेत पूर्णपणे अनाथ झालेले पॅकेज, मेंटेनर नवा पालक शोधत आहे असे पॅकेज आणि मेंटेनर राहणार आहे पण त्याला हात हवा आहे असे पॅकेज, या तीन वेगवेगळ्या नोंदी असतात. हा फरक आपल्या छोट्या गटातही पाळावा, कारण सोबत मागणे आणि जबाबदारी सोपवणे या वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना वेगळी माणसे प्रतिसाद देतात. डेबियनमध्ये एक छोटे साधनही आहे, जे वापरकर्त्याने स्वतःच्या संगणकावर बसवलेल्या पॅकेजांपैकी कोणत्या पॅकेजांना मदत हवी आहे ते त्याला दाखवते. त्यामागचा विचार उचलण्यासारखा आहे. मदत तेथेच मागावी, जेथे ते पॅकेज रोज वापरले जाते. व्यवस्थित बग-अहवाल लिहिणारा वापरकर्ता हा सर्वांत चांगला उमेदवार असतो. अशा माणसाला सार्वजनिक आवाहनापेक्षा नाव घेऊन वैयक्तिक विचारणा करावी.

तिसरी पायरी: अधिकार टप्प्याटप्प्याने द्यावेत

टेस्टरला भांडारात बदल करण्याचा अधिकार लागत नाही. जेंटूमधील आर्किटेक्चर टेस्टर (ठरावीक आर्किटेक्चरवर, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकारावर, चाचणी करणारे) तपासून अहवाल देतात आणि बदल विकासक करतो. तेथेच अधिकृत विकासकाच्या मध्यस्थीने पॅकेज सांभाळणारे मेंटेनरही असतात. डेबियनमध्ये सुरुवातीला प्रायोजक (अधिकार असलेला विकासक) नवख्याच्या वतीने अपलोड करतो, पुढे 'डेबियन मेंटेनर' झाल्यावर ठरावीक पॅकेजे स्वतः अपलोड करता येतात, आणि पूर्ण अधिकार 'डेबियन डेव्हलपर'ला मिळतात. छोट्या गटाने अशा तीन पातळ्या ठेवाव्यात आणि एका पातळीवरून दुसरीवर जाण्याची अट लेखी असावी.

नव्या माणसाच्या पहिल्या कामाला आठवड्याच्या आत उत्तर मिळेल याची जबाबदारी एका नावावर टाकावी. पहिला पॅच (दुरुस्तीचा बदल) महिनाभर पडून राहिला, तर तो माणूस दुसरा पाठवत नाही.

चौथी पायरी: चाचणीची जागा स्वच्छ असावी

मेंटेनरच्या स्वतःच्या यंत्रावर वर्षांनुवर्षे शेकडो लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात असे तयार कोड) साचलेल्या असतात. पॅकेजाच्या बिल्ड-सूचनांमध्ये एखादी लायब्ररी लिहायची राहून गेली, तरी तेथे बिल्ड यशस्वी होते. दुसऱ्याच्या यंत्रावर तेच अपयशी ठरते. म्हणून बिल्ड नेहमी किमान गोष्टी असलेल्या कोऱ्या वातावरणात करावे. डेबियनमधील एसबिल्ड आणि पीबिल्डर, फेडोरामधील मॉक आणि ओपनसुसे या वितरणाची ओपन बिल्ड सर्व्हिस हेच काम करतात. सामान्य प्रोग्राम आणि लायब्ररींसाठी कंटेनर (त्याच यंत्रावरील वेगळे राखलेले वातावरण) पुरतो. कर्नल (व्यवस्थेचा गाभा), बूटलोडर (संगणक सुरू होताना कर्नल चढवणारा प्रोग्राम), इनिट व्यवस्था (सेवा सुरू करणारी) यांसाठी आभासी यंत्र लागते आणि ग्राफिक्स ड्रायव्हरसाठी बहुधा खरेच यंत्र लागते.

येथे एक चूक फार वेळा होते. टेस्टर उत्साही असतो, त्यामुळे त्याच्या यंत्रावर सगळ्याच गोष्टींच्या नव्या, चाचणीतल्या आवृत्त्या असतात, आणि त्याच यंत्रावर तो उमेदवार पॅकेज तपासतो. पण त्या पॅकेजाला स्थिर शिक्का मिळाल्यावर ते अशा यंत्रांवर जाणार असते, जेथे बाकी सर्व लायब्ररी जुन्या, स्थिर आवृत्तीच्या आहेत. म्हणजे त्याची चाचणी वेगळ्याच व्यवस्थेविषयी काहीतरी सांगत असते. योग्य पद्धत अशी की चाचणीचे वातावरण पूर्णपणे स्थिर ठेवावे आणि त्यात केवळ उमेदवार पॅकेज, व त्याला अपरिहार्यपणे लागणारी पॅकेजे, एवढीच नवी आणावीत. ती अपरिहार्य पॅकेजे अजून स्थिर नसतील तर त्यांची यादी करावी, कारण त्यांचाही शिक्का याच वेळी किंवा याआधी व्हावा लागेल.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष चाचणी

बिल्ड करताना मूळ प्रकल्पाने दिलेल्या चाचण्या चालू ठेवाव्यात. त्यांतील काही अपयशी ठरल्या तर लगेच नकार देऊ नये. सध्याच्या स्थिर आवृत्तीवर त्याच वातावरणात त्याच चाचण्या चालवून पाहाव्यात. तेथेही त्याच चाचण्या पडत असतील तर दोष जुना आहे. त्याची बग-नोंद करावी, पण त्या कारणाने नव्या आवृत्तीला रोखू नये. जुन्या आवृत्तीत उत्तीर्ण होणारी चाचणी नव्या आवृत्तीत पडत असेल, तर ती घसरण आहे आणि काम तेथेच थांबवावे.

त्यानंतर बसवणे आणि काढणे तपासावे. कोऱ्या व्यवस्थेवर बसवून पाहणे हा यातील सोपा भाग आहे. वापरकर्त्यांचे नुकसान बहुतेक वेळा जुन्या स्थिर आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जाताना होते. म्हणून आधी जुनी आवृत्ती बसवावी, तिच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये हाताने एक-दोन बदल करावेत, सेवा असेल तर तिच्यात थोडा डेटा भरावा, आणि मग अपग्रेड करावे. केलेले बदल टिकले का, डेटा वाचता येतो का, सेवा आपोआप पुन्हा सुरू झाली का, हे पाहावे. एखादी फाइल या आवृत्तीत एका पॅकेजातून दुसऱ्या पॅकेजात हलवली असेल, तर दोन्ही पॅकेजे असलेल्या यंत्रावर अपग्रेड करून पाहणे अत्यावश्यक आहे, कारण तेथे एकाच फाइलवर दोन पॅकेजांचा दावा निर्माण होऊन अपग्रेड मध्येच अडकते. शेवटी पॅकेज पूर्णपणे काढून मागे काय उरते ते पाहावे. बसवणे, अपग्रेड करणे आणि काढणे या साखळीचा बराचसा भाग डेबियनमधील पिउपार्ट्स आपोआप तपासते.

मग प्रोग्राम वापरावा. आवृत्ती-क्रमांक छापून दाखवला म्हणजे प्रोग्राम चालला, असे मानू नये. त्याचे नेहमीचे काम निदान दहा-पंधरा मिनिटे करून पाहावे. लायब्ररीच्या बाबतीत चालवण्यासारखे काही नसते, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजे नव्या आवृत्तीशी जोडून बिल्ड करून त्यांच्या चाचण्या चालवाव्यात. अशी पॅकेजे दोनशे असतील तर सगळी तपासणे छोट्या गटाला शक्य नाही. अशा वेळी सर्वाधिक वापरली जाणारी काही, वेगळ्या भाषेच्या जोडणीतून लायब्ररी वापरणारी काही, आणि ज्यांच्या स्वतःच्या चाचण्या चांगल्या आहेत अशी काही निवडावीत.

बिल्डचे पर्याय असलेल्या वितरणांत आणखी एक अडचण असते. जेंटूमध्ये एखाद्या पॅकेजाला ८ यूज-फ्लॅग (बिल्ड करताना चालू-बंद करायचे पर्याय) असतील तर त्यांचे २५६ संयोग होतात, आणि तेवढे कोणीही तपासत नाही. सर्व बंद, सर्व चालू, नेहमीची मांडणी, आणि त्यांशिवाय यादृच्छिक निवडलेले तीन-चार संयोग, एवढे तपासले तरी न जुळणाऱ्या पर्यायांचे बहुतेक दोष हाती लागतात.

आर्किटेक्चरचा मुद्दा मोठा वाटतो, पण त्यात मनुष्यबळ वाचवण्याची जागाही आहे. केवळ माहितीच्या फायली किंवा शुद्ध पायथन असलेले पॅकेज एका आर्किटेक्चरवर तपासले तर सहसा सर्वांसाठी पुरते. जेंटूमध्ये तशी अधिकृत सोयच आहे. सी आणि सी++ मधील पॅकेजांना मात्र ही सवलत देऊ नये. आयबीएम मेनफ्रेमच्या एस३९०एक्सवर बाइटांचा क्रम उलटा असतो, एआरएम लिनक्सवर सी भाषेतील साधा 'चार' (char) प्रकार चिन्हविरहित (ऋण संख्या न ठेवणारा) असतो आणि एक्स८६ वर तो चिन्हासहित असतो, काही ३२-बिट यंत्रांवर वेळेचा आकडा २०३८ मध्ये ओसंडतो; असे फरक त्या-त्या यंत्रावर चालवल्याशिवाय दिसत नाहीत.

आणि एक गोष्ट, जी चाचणीच्या साधनांविषयीच आहे. साधनाने दिलेली सूचना गप्प करण्याआधी ती का आली हे कळलेच पाहिजे. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या पॅकेजात स्मृती तपासणाऱ्या साधनाच्या तक्रारी थांबवण्यासाठी काही ओळी काढल्या गेल्या. त्या ओळींबरोबर यादृच्छिक संख्यांचा मूळ स्रोतच जवळजवळ नाहीसा झाला, आणि प्रत्येक प्रकारच्या व लांबीच्या गुप्त किल्ल्यांसाठी फक्त ३२,७६७ शक्यता उरल्या. हा दोष मे २००८ मध्ये जाहीर झाला. मधल्या काळात सगळी बिल्ड यशस्वी होत होती आणि पॅकेज स्थिर शाखेत होते. सुरक्षेशी संबंधित पॅकेजातील वितरणाचा स्वतःचा प्रत्येक पॅच मूळ प्रकल्पातील जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा, असा नियम छोट्या गटालाही पाळता येतो.

सहावी पायरी: अहवाल आणि निर्णय

'माझ्याकडे चालते' हा अहवाल नव्हे. पॅकेजाची आवृत्ती व वितरणाचा सुधारणा-क्रमांक, आर्किटेक्चर, बिल्डचे पर्याय, केलेल्या कृती, दिसलेले परिणाम, आणि काय तपासलेले नाही, इतके त्यात यायला हवे. न तपासलेल्या गोष्टी लिहायला लोक संकोचतात, परंतु पुढच्या टेस्टरला सर्वाधिक उपयोग त्याच ओळीचा होतो.

शिक्का मारणारा आणि पॅकेज तयार करणारा एकच माणूस नसावा. आर्च लिनक्समध्ये गाभ्यातील पॅकेजे चाचणीच्या भांडारातून पुढे नेण्याआधी इतरांची संमती घेतली जाते. फेडोरामध्ये बोधी या व्यवस्थेत वापरकर्ते अधिक किंवा उणे मत नोंदवतात. गटात केवळ दोनच माणसे असतील तर एकाने दुसऱ्याचे तपासावे. आपल्या गटाने दिवसांची किमान संख्या ठरवावीच, पण तिच्यासोबत अहवालांची किमान संख्याही ठरवावी, आणि दोन्ही अटी पूर्ण झाल्याशिवाय पॅकेज पुढे जाऊ नये. सुरक्षा-दुरुस्तीसाठी दिवस कमी करता येतील. अहवालांची संख्या मात्र शून्यावर आणू नये.

जे काम यंत्र करू शकते, ते माणसाला देऊ नये. ओपनसुसेमध्ये आणि फेडोरामध्ये वापरली जाणारी ओपनक्यूए ही व्यवस्था आभासी यंत्र सुरू करून पडद्यावरील चित्र ओळखते आणि कळा दाबून वितरण बसवण्याची पूर्ण प्रक्रिया पार पाडते; ओपनसुसेच्या टंबलवीड या सतत अद्ययावत होणाऱ्या शाखेची प्रत्येक नवी अवस्था तिच्यातून जाते. डेबियनमध्ये पॅकेजाच्या स्वयंचलित चाचण्या उत्तीर्ण झाल्या तर प्रतीक्षेचे दिवस कमी होतात आणि घसरण दिसली तर टेस्टिंग शाखेत जाणे थांबते. त्यामुळे गटाकडे एखादा तास मोकळा असेल, तर तो ज्या पॅकेजाला चाचणी नाही त्याची एक छोटी चाचणी लिहिण्यात घालवावा. ती पुढे प्रत्येक आवृत्तीला उपयोगी पडते.

सातवी पायरी: माणसे कमी पडल्यास यादी आखडावी

पहिल्या पायरीतील यादी दर तीन महिन्यांनी पुन्हा काढावी. अहवालांची किमान संख्या सातत्याने पूर्ण होत नसेल, तर अट सैल करण्याचा मोह होतो. माझ्या मते अट तशीच ठेवून स्थिर म्हणवल्या जाणाऱ्या पॅकेजांची संख्या कमी करावी. टेस्टर उरले नाहीत तेव्हा संपूर्ण आर्किटेक्चरचे स्थिर चिन्ह काढून घेण्याचा मार्ग जेंटूने अवलंबला आहे. वापरकर्त्याला त्याचा त्रास होतो, पण तेथे कोणी तपासत नाही हे त्याला निदान ठाऊक असते.

मेंटेनर प्रतिसाद देत नसेल तर ठरलेली मुदत आणि ठरलेला क्रम पाळावा, म्हणजे वाद व्यक्तिगत होत नाही. डेबियनमध्ये दुर्लक्षित पॅकेज ताब्यात घेण्याचा इरादा जाहीर केल्यावर किमान २१ दिवस थांबावे लागते, आणि त्यानंतरचे अपलोडही ७ दिवसांच्या विलंब-रांगेतून जाते. फेडोरामध्ये अनाथ पॅकेजाला सहा आठवड्यांत कोणी घेतले नाही तर ते निवृत्त होते. जेंटूमध्ये काढून टाकायच्या पॅकेजावर आधी पडदा टाकून (ते बसवणे अडवून) सहसा ३० दिवसांची सूचना दिली जाते, आणि अनेकदा ती सूचना वाचूनच एखादा वापरकर्ता पुढे येतो. रजेवर जाणाऱ्या मेंटेनरने कोणत्या तारखेपर्यंत आपण नाही, त्या काळात आपल्या पॅकेजांत कोणी हात घालावा आणि कोणते अपडेट मुद्दाम रोखून धरले आहे, हे तीन ओळींत लिहून जावे.

पॅकेज काढताना त्याचे उघडे बग बंद होतात, त्यामुळे उद्या कोणी ते परत आणले तर जुने दोष जणू नव्हतेच असे भासते. म्हणून काढण्याच्या नोंदीत त्या बगांचे क्रमांक आणि काढण्याचे नेमके कारण लिहावे, आणि पॅकेज परत आणणाऱ्याने त्यांतील न सुटलेले बग आधी पुन्हा उघडून मगच बिल्डला हात घालावा.